पाणवठा, वीज आणि हिशेब : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना कलबुर्गी शहरात सुरू झाली. त्यानंतर आमच्या घरी विजेचे जे बिल आले त्यावर भरावयाच्या रकमेच्या जागी शून्य होते. आमच्या घरात कन्नड नीट वाचता येणारा मी एकटाच. माझी शाळा मराठी माध्यमाची. पण बिले, बँकेच्या पावत्या आणि सरकारी कागद वाचून सांगण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडेच आहे. मी आजीला बिल वाचून दाखवले. तिला आनंद होईल असे मला वाटले होते. पण तिने विचारले, की दिवा तर महिनाभर जळला, मग त्याचे पैसे कोणी भरले? सरकारने भरले, असे मी सांगितले. त्यावर सरकारजवळ ते कोठून आले, आणि कंपनी जेवढा खर्च झाला म्हणते तेवढा खरेच झाला की नाही हे कोण बघतो, असे तिने विचारले. बी. कॉम.च्या अंतिम वर्षाला असूनही मला त्याचे धड उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधण्यासाठी मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. वीजदर आणि सार्वजनिक वित्त या विषयांवर काही मिळते का ते पाहत असताना महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे इंग्रजी खंड हाती आले. सहाव्या खंडात त्यांचे अर्थशास्त्रीय ग्रंथ आहेत आणि दहाव्या खंडात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते त्या काळातील भाषणे आहेत. घटनेचे शिल्पकार आणि दलितांचे कैवारी म्हणून बाबासाहेबांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. त्यांच्या जयंतीला आपल्या बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील गावोगावी मिरवणुका निघतात. परंतु देशाचे वीज धोरण आखणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि सरकारी खर्चाची छाननी हा त्यांच्या तरुणपणातील अभ्यासाचा मुख्य विषय होता, हे मला तरी तोपर्यंत ठाऊक नव्हते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने त्यांचे चरित्र पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास आले व १९०० साली भीमरावांचे नाव तेथील सरकारी शाळेत घालण्यात आले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे. शाळेतील नळाला हात लावण्याची त्यांना मोकळीक नव्हती; शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. वडिलांना भेटण्यासाठी भावंडे बैलगाडीने गोरेगावला निघाली असता साऱ्या वाटेत त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही, ही हकिगत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. नळ तर सर्वांच्या पैशाने बसवलेला होता. त्याचा उपयोग मात्र सर्वांना नव्हता. मुलाच्या मनावर हा पहिला संस्कार झाला असावा, असे मला वाटते.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहावयास आले. एका खोलीत सारा संसार. वडील मुलाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोनच्या सुमारास उठवून रॉकेलच्या दिव्याजवळ अभ्यासाला बसवीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. त्या उजेडात वाचून ते १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, आणि १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. झाले. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांनी कोणता विषय निवडला हे पाहण्यासारखे आहे. १९१५ साली एम. ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर प्रबंध लिहिला. एका व्यापारी कंपनीने देशावर राज्य केले. तिचे उत्पन्न किती, खर्च कशावर आणि कर्ज शेवटी कोणाच्या माथी मारले गेले, हा त्याचा विषय. त्यानंतर त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाढीचा अभ्यास हाती घेतला. हा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला त्यांचे कोलंबियातील गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना लाभली. कोलंबियाची पीएच. डी. त्यांना १९२७ साली रीतसर मिळाली ती याच कामाबद्दल.

हा ग्रंथ प्रथम मला कठीण गेला. पण त्यातील मूळ मुद्दा घरच्या व्यवहारातला आहे. १८३३ च्या कायद्याने सारी तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली आणि खर्च मात्र प्रांतांच्या हातून होऊ लागला. पैसा उभा करण्याची जबाबदारी एकाची आणि खर्च करणारा दुसरा, असे झाले की हात सैल सुटतो. घरात कमावणारा वेगळा आणि उधळणारा वेगळा असला की जे होते, तेच सरकारातही होते. म्हणून १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रक्कम नेमून देण्याची पद्धत आली, १८७७ पासून काही करांचे उत्पन्न त्यांच्याकडे सोपवण्यात आले आणि १८८२ पासून उत्पन्न वाटून घेण्याची पद्धत सुरू झाली. या तीन टप्प्यांचे आंबेडकरांनी केलेले विश्लेषण वाचले की लक्षात येते, की त्यांना केवळ आकडे जुळतात की नाही एवढेच पाहायचे नव्हते. खर्च कोणी ठरवला, भार कोणावर पडला आणि जाब कोणाला द्यावा लागला, या तीन गोष्टी ते प्रत्येक टप्प्यावर तपासतात. माझ्या आजीचे प्रश्नही यांहून फारसे वेगळे नव्हते.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. अखेर ते मुंबईस आले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय. म्हणजे बाबासाहेब एका अर्थाने आपल्याच शाखेचे प्राध्यापक होते, याचा मला अभिमान वाटला. पण तेथेही प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. साताऱ्याच्या शाळेतील नळ मुंबईच्या कॉलेजातही त्यांच्या आड आला. १९२० मध्ये ती नोकरी सोडून, साठवलेले पैसे आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास त्यांना १९२३ साली डी. एस्सी. मिळाली, बॅरिस्टरही झाले. चलन व वित्तविषयक शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांनी १९२५ साली साक्ष दिली.

एवढे शिकलेला माणूस सरकारी सल्लागार होऊन सुखाने राहू शकला असता. ते मुंबईच्या विधिमंडळात नियुक्त सभासद म्हणून गेले आणि अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्याचा प्रश्न घेतला. प्राप्तिकरात लहान उत्पन्नाला सूट आहे. मग एकदोन एकराच्या शेतकऱ्याला शेतसाऱ्यातून सूट का नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

महाडचा सत्याग्रह आपण सामाजिक लढा म्हणून शिकतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याला सार्वजनिक मालमत्तेच्या हिशेबाचीही एक बाजू आहे. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत, असा ठराव रावबहादुर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर होता, पाणी मात्र तळ्यात होते. बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी घेतले. तळे खासगी आहे असा दावा विरोधकांनी कोर्टात लावला आणि हा वाद १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने संपला. तोपर्यंत दहा वर्षे गेली. सार्वजनिक सोयीबद्दल दोन प्रश्न नेहमी विचारले पाहिजेत, असे यावरून मला समजले. तिचा लाभ कोणाला मिळतो, आणि तिचा हिशेब कोण ठेवतो व कोणाला दाखवतो. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा प्रश्न सुटत नाही.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर होते. त्या काळी मजूर खात्याकडेच पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. तेव्हा देशात वीज किती होती? १९४७ च्या अखेरीस साऱ्या देशातील सार्वजनिक वीजकेंद्रांची क्षमता सुमारे १,३६२ मेगावॅट होती. आपल्या शेजारच्या रायचूर जिल्ह्यात शक्तीनगर येथे पुढे जे एकच औष्णिक केंद्र उभे राहिले, त्याचे आठ संच मिळून १,७२० मेगावॅट क्षमता बसवण्यात आली. यावरून तो काळ ध्यानात यावा. म्हैसूर संस्थानाने १९०२ साली शिवनसमुद्र येथे वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली आणि १९०५ साली बेंगळूरला दिवे लागले. खोपोलीची टाटांची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. बाकी ठिकाणी १९१० च्या कायद्याखाली परवाने घेतलेल्या कंपन्या मोठ्या शहरांतून वीज विकत. जेथे गिऱ्हाईक तेथे तारा. खेड्यात कोण तारा ओढणार?

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या पाटबंधारे व वीजविषयक धोरण समितीची पहिली बैठक बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्या वेळच्या भाषणात त्यांनी समितीपुढे नेमके प्रश्न ठेवले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी असेल तर लोकहिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी घालाव्यात? तिच्या विकासाची जबाबदारी मध्यवर्ती सरकारची की प्रांतांची? स्वस्त आणि मुबलक वीज मिळावी व साधनसंपत्ती वाया जाऊ नये यासाठी कारभाराची कोणती पद्धत चांगली? प्रांतांकडे जबाबदारी दिली तर त्यांच्यात मेळ घालणारे मंडळ असावे का? आपला स्वतःचा कल सरकारी मालकीकडे आहे हे त्यांनी लपवले नाही. पण खासगी असो की सरकारी, वीज स्वस्त आणि मुबलक मिळते की नाही या कसोटीवरच त्यांनी व्यवस्था तोलली. शेतीवर माणसांचा फार भार आहे, कारखानदारी वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, आणि विजेशिवाय कारखानदारी वाढणार नाही, अशी त्यांची विचारसरणी होती.

येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाजारात दहा दुकाने असली तर स्पर्धेने भाव ताळ्यावर राहतो. विजेच्या तारांचे तसे नाही. एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी दोन रांगा खांब रोवले तर खर्च दुप्पट होतो आणि तो गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर बसतो. म्हणून जाळे एकच असते, आणि जाळे एकच असले की विकणारा म्हणेल तो भाव. यावर उपाय म्हणून जगात दोन मार्ग निघाले. जाळे सरकारने चालवावे, किंवा चालवणाऱ्यावर कायद्याचा लगाम ठेवून त्याचा खर्च तपासावा. इंग्लंडने १९२६ साली कायदा करून मध्यवर्ती वीज मंडळ स्थापले आणि विखुरलेली केंद्रे एका राष्ट्रीय जाळ्याने जोडली. हे अनुभव बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. सल्ला देणारी, सर्वेक्षण करणारी आणि प्रांतांच्या योजना तपासणारी तज्ज्ञांची संस्था सरकारजवळ हवी, ही त्यामागची दृष्टी होती.

याच काळात दामोदर खोऱ्याची योजना पुढे आली. १९४३ च्या महापुराने बंगालचे फार नुकसान केले होते. नदी मात्र बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर एकाच प्राधिकरणाने पूर, पाणी आणि वीज या तिन्हींचा विचार करावा, असा बाबासाहेबांचा आग्रह होता आणि १९४५ साली त्यांनी कलकत्त्यास दोन्ही प्रांतांच्या परिषदा घेतल्या. एका धरणापासून तीन लाभ होत असतील तर त्याचा खर्च तिघांवर कसा वाटायचा, हा हिशेबाचा मोठा नाजूक प्रश्न असतो. पूरनियंत्रणाचा सारा खर्च विजेवर टाकला तर वीज महाग होते. विजेचा खर्च पाण्यावर टाकला तर शेतकरी बुडतो. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला तेव्हा त्यात ही खर्चाची विभागणी कशी करावी हे लिहावे लागले. कॉस्ट अकाउंटिंगच्या तासाला आपण जी संयुक्त खर्चाची उदाहरणे सोडवतो, त्यांचे हे खरेखुरे रूप आहे.

विजेच्या किमतीत आणखी एक खर्च असतो, तो माणसाच्या श्रमाचा. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादकडील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले आणि कामगारांच्या राहण्याची जागाही पाहून आले. पुढच्याच महिन्यात कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. काटकसर म्हणजे मजुराच्या पोटाला चिमटा, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. भारतातील वीजव्यवस्थेचे एकमेव जनक म्हणून बाबासाहेबांचे नाव काही ठिकाणी घेतले जाते. तसे म्हणण्याची जरुरी नाही. त्या कामात अनेक अभियंते आणि प्रशासक होते, आणि विद्युत पुरवठा कायदा झाला तो १९४८ साली. तेव्हा केंद्रात हे खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. त्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे आली, आणि खासगी परवानाधारकांनी किती नफा घ्यावा याच्या मर्यादाही त्याच्या परिशिष्टात घालण्यात आल्या. बाबासाहेबांचे श्रेय हे, की कायदा होण्यापूर्वी योग्य प्रश्न योग्य क्रमाने त्यांनी मांडून ठेवले.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेत वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. १९४३ साली जो प्रश्न समितीपुढे होता त्याचे हे घटनात्मक उत्तर आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही, असे कलम २६५ सांगते. केंद्र आणि राज्ये यांच्यातील उत्पन्नाच्या वाटपासाठी कलम २८० प्रमाणे वित्त आयोग असतो. प्रांतिक वित्ताचा १९२५ चा ग्रंथ वाचलेल्याला या कलमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सरकारचा खर्च तपासणारा नियंत्रक व महालेखापरीक्षक हा अधिकारीही घटनेने नेमला. १९४९ सालच्या मे महिन्यात घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी हे पद घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे मानले आणि त्याचे काम न्यायसंस्थेपेक्षाही मोलाचे ठरवून त्याला तितकेच स्वातंत्र्य असावे असे प्रतिपादन केले. जो दुसऱ्याचा खर्च तपासतो तो त्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये, हे साधे तत्त्व आहे. ऑडिटच्या पहिल्या धड्यात आपण तेच शिकतो.

आपल्या भागाशीही त्यांचा संबंध येतो. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. तेव्हा औरंगाबाद, बीदर आणि गुलबर्गा हे सारे एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याचे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे बीदर जिल्ह्यातील तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात राहिले. त्यापूर्वी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आज सीमेवरच्या एखाद्या शेतात उभे राहिले तर एका बांधाकडे महावितरणचे खांब दिसतात आणि दुसऱ्या बांधाकडे कलबुर्गीच्या कंपनीचे. बिलांची भाषा निराळी, दर निराळे, वीज तीच.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. राज्य वीज मंडळांनी खेडोपाडी तारा नेल्या, हे त्यांचे मोठे काम. पण कालांतराने अनेक मंडळे तोट्यात गेली. दर राजकारणाने ठरू लागले, गळती किती आणि चोरी किती याचा पत्ता लागेना. खर्च करणारा एक आणि पैसा उभा करणारा दुसरा, हा १८३३ नंतरचा जुना रोग नव्या रूपाने आला. यावर उपाय म्हणून कर्नाटकात १९९९ साली विद्युत नियामक आयोग आला; महाराष्ट्रातही त्याच वर्षी आला. २००२ साली गुलबर्गा विद्युत पुरवठा कंपनी, म्हणजे जेस्कॉम, वेगळी झाली. बीदरपासून बळ्ळारीपर्यंतचा पुरवठा तिच्याकडे आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने १९१० आणि १९४८ चे कायदे मागे पडले.

आता कंपनीला दर वाढवायचा असेल तर आयोगाकडे अर्ज करावा लागतो. वीज खरेदी, पगार, दुरुस्ती, घसारा, कर्जावरील व्याज, भांडवलावरील परतावा असा एकेक खर्च मांडावा लागतो. आयोग आणि त्याचे तज्ज्ञ सल्लागार तो तपासतात. हा ट्रान्सफॉर्मर खरेच लागत होता का? बांधकाम वेळेत का झाले नाही? मान्य केलेल्या गळतीपेक्षा जास्त गळती झाली तर तिचा भार ग्राहकाने का सोसावा? वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष आकडे पाहून पुन्हा ताळमेळ घातला जातो. अर्जाचा सारांश वर्तमानपत्रात छापावा लागतो, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि जाहीर सुनावणी होते. कंपन्यांजवळ हिशेब मांडणारे जाणकार असतात; सामान्य माणसाजवळ नसतात. पुण्याच्या प्रयाससारख्या गटाने हे आकडे अभ्यासून आयोगापुढे ग्राहकांची बाजू मांडली, हे उदाहरण आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखे आहे. मागेल त्याला वीजजोडणी देणे हेही २००३ च्या कायद्याने कंपनीचे कर्तव्य ठरवले. आजी सांगते, की गावात खांब आले तरी आमच्या वस्तीवर दिवा लागायला त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. चवदार तळ्याचा प्रश्न तारांनाही लागू पडतो तो असा.

हे सारे समजून घेतल्यावर मी आजीजवळ बसून तिला उत्तर दिले. ठरलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त दोनशे युनिटांपर्यंतची वीज फुकट दिसते. पण तिचे पैसे सरकार कंपनीला देते, आणि सरकारचे पैसे म्हणजे आपण साबण, तेल, कापड घेताना भरतो ते कर. कंपनीचा खर्च आयोग तपासतो, सरकारचा खर्च महालेखापरीक्षक तपासतो, आणि सुनावणीला कोणालाही जाऊन बोलता येते. योजना वाईट असे मी म्हटले नाही. आमच्या घराला तिचा आधार आहे. हिशेब विचारणे म्हणजे सवलतीला विरोध करणे नव्हे, हे तिलाही पटले. मग तिने विचारले, की सुनावणीला तू गेला होतास का?

मी गेलो नव्हतो. कलबुर्गीला सुनावणी होते हेच मला माहीत नव्हते. बाबासाहेबांच्या जयंतीला मी दर वर्षी जातो. यंदा दरवाढीचा अर्ज वर्तमानपत्रात आला की तो वाचून, कन्नडमध्ये दोन पानी हरकत लिहून सुनावणीलाही जाण्याचे मी ठरवले आहे. आमच्या वर्गात खर्चाचा तक्ता वाचता येणारे बरेच जण आहेत. त्यांतील कोणी बरोबर आले तर हरकत अधिक नेमकी लिहून होईल, आणि आमच्या प्राध्यापकांनी आम्हांला शिकवलेल्या विद्येचा गावाला काही उपयोग होईल.